बारा : एका संख्येचा महाराष्ट्रातील इतिहास

मराठी मुलखाच्या जुन्या कागदपत्रांत, बखरींत आणि रोजच्या बोलण्यात बारा ही संख्या इतक्या निरनिराळ्या गोष्टींना चिकटलेली आढळते की त्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. गावगाड्यातील बलुतेदार बारा, सह्याद्रीच्या पूर्व अंगाचे मावळ बारा, शिवाची ज्योतिर्लिंगे बारा, शिवकालीन राज्यव्यवस्थेतील महाल बारा, गोव्यातील बारदेस हा प्रांत बारा देशांचा, आणि नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर कारभार हाती घेणारे मुत्सद्दीही बारभाई. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आधी मोजदाद केली आणि मग नाव दिले, असे मानणे सोपे आहे. परंतु उपलब्ध याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी उलट क्रम दिसतो. नाव आधी रूढ झालेले असते, यादी मागाहून भरली जाते, आणि ती गावोगावी व लेखकागणिक बदलते. म्हणूनच महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ‘बारा’ हा शब्द मोजणीचा आकडा म्हणून वाचण्यापेक्षा एखादी व्यवस्था पूर्ण आहे, तिच्यात काही उणे नाही, असा दावा म्हणून वाचणे अधिक योग्य ठरते.

या दाव्याचे मूळ कालगणनेत आहे. वर्षाचे महिने बारा आणि सूर्याच्या मार्गावरील राशी बारा, त्यामुळे बारांचा समूह म्हणजे पुरे झालेले आवर्तन, ही कल्पना फार जुनी आहे. भूतसंख्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनपद्धतीत, म्हणजे अंकाऐवजी त्या अंकाशी निगडित वस्तूचे नाव लिहिण्याच्या पद्धतीत, चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, तसे अर्क किंवा आदित्य म्हणजे बारा असे गणित चालते, आणि ज्योतिषाच्या ग्रंथांत व शिलालेखांत शकवर्षे अशा शब्दांत नोंदलेली आढळतात. पद्यात अंक बसवणे अवघड असते आणि शब्द मात्र वृत्तात सहज बसतो, हे या पद्धतीच्या लोकप्रियतेचे एक उघड कारण होय.

वर्षाचे हे बारापण लहान मुदतीवर आणि मोठ्या मुदतीवर सारखेच उतरवले गेले. मृताला पितरांच्या पंक्तीत बसवण्याचा सपिंडीकरण हा विधी मुळात वर्षअखेरीस करावयाचा. तो बाराव्या दिवशी उरकण्याची मुभा धर्मशास्त्राने दिली, आणि बारा दिवसांनी बारा महिन्यांची जागा घेतली. जन्माच्या बाजूलाही तीच मुदत आहे. मनुस्मृतीने नामकरणासाठी दहावा किंवा बारावा दिवस सांगितला असला तरी मराठी घरांत बारावा दिवस इतका पक्का झाला की त्या समारंभाचे नावच बारसे पडले. मोठ्या मुदतीचे एकक म्हणजे तप. बारा वर्षांच्या काळाला तप म्हणण्याची मराठीची रीत अजून जिवंत आहे, आणि परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहून मगच त्याची उत्तरक्रिया करावी, हा स्मृतींतील नियम त्याच मापाचा होता. १८७२ च्या पुरावा कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. कायद्यापुरते तप संपले, तरी बोलण्यातले राहिले.

आकाशातील हिशेब मात्र नेमका बाराचा नाही, आणि ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गुरू ग्रहाला राशीचक्राची एक फेरी पुरी करायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ पर्वणी भरते, वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात, आणि हा मेळा बारा वर्षांनी येतो असे सर्वत्र सांगितले जाते. २००३ आणि २०१५ या पर्वण्यांत अंतर बारा वर्षांचेच होते. परंतु गुरूच्या सात फेऱ्यांना चौऱ्याऐंशी नव्हे, त्र्याऐंशी वर्षे लागत असल्याने साधारण सातांत एकदा हे अंतर अकरा वर्षांवर येते. पंचांगकर्त्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते आणि पर्वणी ते ग्रहस्थितीवरूनच ठरवत. लोकव्यवहाराने मात्र बारा हाच आकडा धरून ठेवला.

धर्मक्षेत्रांच्या बाबतीत या आकड्याचा ताठरपणा अधिक स्पष्ट दिसतो. ज्योतिर्लिंगांची संख्या शिवपुराणाने बारा ठरवली, तेव्हापासून तो आकडा वाढलेला नाही. वाद होतो तो बारांतील जागेसाठी. त्र्यंबकेश्वर आणि वेरूळचे घृष्णेश्वर यांच्याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु वैद्यनाथ म्हणजे परळीचे वैजनाथ की झारखंडातील देवघर, नागेश म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याचे नागनाथ की द्वारकेजवळचे नागेश्वर, या प्रश्नांवर दोन्हीकडचे भाविक आपापल्या परंपरेवर ठाम आहेत, आणि भीमाशंकराच्या स्थानावर आसामातूनही हक्क सांगितला जातो. यादी खुली असती तर यांतील एकही वाद उभा राहिला नसता. संख्या बंदिस्त असली की तिच्या आतल्या जागांना मोल येते, आणि हाच नियम पुढे गावातील हक्कांच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर लागू पडलेला दिसेल.

याच मुलखात याच शब्दाने ओळखली जाणारी, पण अगदी वेगळ्या उगमाची एक वास्तू आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारल्यावर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोठला उभा राहिला आणि तो बारा इमाम कोठला म्हणून प्रसिद्ध झाला. शिया पंथाच्या मुख्य शाखेत इमामांची परंपरा हजरत अलींपासून बाराव्या इमामापर्यंत येऊन थांबते. येथे प्रत्येक इमामाचे नाव ठरलेले आहे, यादी कोठेही बदलत नाही, आणि बारा ही अगदी खरी मोजणी आहे. ज्या मुलखात बलुते बारा आणि ज्योतिर्लिंगे बारा, त्या मुलखातील सामान्य माणसाला इमामही बारा हे ऐकून परकेपणा वाटला नसावा, असे मानायला जागा आहे.

भूप्रदेशाला संख्येचे नाव देण्याची चाल दख्खनमध्ये शिवकालाच्या कितीतरी आधीची आहे. राष्ट्रकूट आणि चालुक्य राजांच्या ताम्रपटांत व शिलालेखांत बनवासी बारा हजार, करहाटक चार हजार अशी प्रांतांची नावे येतात. करहाटक म्हणजे आजचे कऱ्हाड. हे हजारांचे आकडे गावांचे की वसुलाचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. खालच्या पातळीवर मात्र बारा, चोवीस, चौऱ्याऐंशी अशा गावसमूहांचे उल्लेख सापडतात आणि राष्ट्रकूटांचा इतिहास लिहिणाऱ्या अनंत सदाशिव आळतेकरांनी या गटांची चर्चा केली आहे. चौऱ्याऐंशी म्हणजे बाराची सातपट. सुरतेजवळच्या एका तालुक्याचे नाव आजही चोर्यासी आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा, विषय येतो आणि त्याचेच रूप पुढे साष्टी झाले. गोव्यात तर अशी तीन नावे एकमेकांना लागून आहेत : तीस वाड्यांची तिसवाडी, सहासष्टांची साष्टी आणि बारा देशांचा बारदेस, असा त्यांचा अर्थ परंपरेने लावला जातो. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेस व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, धर्म बदलले, देवळे पाडली गेली, गावकरी या ग्रामसंस्थेला कोमुनिदाद हे नवे नाव मिळाले; पण प्रांतांची ही संख्यावाचक नावे पोर्तुगीज अमलाची साडेचार शतके ओलांडून आजच्या तालुक्यांपर्यंत पोहोचली. बारदेसात आज बारापेक्षा कितीतरी अधिक गावे आहेत, आणि त्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही.

मावळांची गोष्ट याहून बोलकी आहे. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या एखाद्या नदीचे खोरे, आणि जुन्या कागदांत पुण्याखालील बारा मावळ व जुन्नरखालील बारा मावळ असे दोन संच सांगितलेले आढळतात. पुण्याकडच्या संचात आंदर, नाणे, पवन, पौड, मुठे, मोसे, कानद, गुंजण, वेळवंड, हिरडस, रोहिडखोरे अशी नावे येतात, परंतु कोठे एक खोरे गळते आणि दुसरे शिरते, कोठे दोन खोरी एकत्र धरली जातात. भूगोलाने खोरी दिली, पण ती बारा आहेत हे ठरवले राजकारणाने. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा होता : रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात सिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर, मुठे खोऱ्यात मारणे. ही घराणी सीमेवरून, पाण्यावरून आणि मानापानावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत होती. ‘बारा मावळ’ या शब्दाने त्यांना एका गटात बसवले, आणि शिवाजी महाराजांनी तो गट प्रत्यक्षात आणला. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी आदिलशाही वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरली, आणि वर्षभरात बांदलांची माणसे पन्हाळ्याहून विशाळगडाच्या वाटेवर घोडखिंडीत लढली. ज्या शब्दाने केवळ डोंगराळ मुलूख कळत होता, त्याने आता एक सैन्य कळू लागले.

शिवकालीन राज्यव्यवस्थेची माहिती देणाऱ्या बखरींत अठरा कारखाने आणि बारा महाल अशी जोडी येते. कारखाने म्हणजे राज्याची साठवणुकीची व साधनसामग्रीची खाती, जसे जामदारखाना, पीलखाना, दारूखाना. महालांत पोते, कोठी, पागा, टंकसाळ, इमारत, पालखी, छबिना यांसारखी खाती धरली जात. बारा आणि अठरा हे दोन्ही आकडे गावगाड्यातील बलुत्या-अलुत्यांच्या, म्हणजे मुख्य आणि दुय्यम ग्रामसेवकांच्या, जोडीचेच आहेत, आणि राज्याची रचना सांगताना गावाच्या रचनेचा साचा लेखणीत उतरला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

बारभाईंच्या बाबतीत तर मोजणीचा प्रश्नच गैरलागू ठरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांचे काका राघोबादादा यांच्याविरुद्ध जे मुत्सद्दी व सरदार एकत्र आले, त्यांत सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस हे प्रमुख होते. बाकीची नावे यादीगणिक बदलतात. त्रिंबकराव पेठे तर मार्च १७७४ मध्ये पंढरपुराजवळच्या लढाईत पडले, म्हणजे १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म होण्याआधीच मंडळात एक जागा रिकामी झाली होती. तरीही नाव बारभाईच राहिले. पुढे सत्ता सखारामबापू व नाना या दोघांच्या आणि शेवटी एकट्या नानांच्या हाती आली, तेव्हा त्या नावात उरले ते फक्त सामूहिक कारभाराचे स्मरण. बारभाईंची शेती आणि काय लागेल हाती, ही म्हण लोकांचा अशा कारभारावरचा अविश्वास दाखवते. परंतु ज्या मंडळाने तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य सावरले, त्याच्या कर्तृत्वाला ती न्याय देत नाही.

या सर्व बारांत सर्वांत अधिक माणसांच्या आयुष्यावर परिणाम करणारा बारा म्हणजे बलुतेदारांचा. बलुते म्हणजे गावाला दिलेल्या सेवेबद्दल शेतकऱ्याच्या पिकातून मिळणारा वार्षिक हिस्सा, आणि तो वंशपरंपरेने घेण्याचा हक्क असलेला सेवक म्हणजे बलुतेदार. सुताराने नांगर आणि मोटेचे लाकूडकाम पाहावे, लोहाराने फाळ पाजवावा, चांभाराने मोट व वहाणा सांधाव्यात, मांगाने दोर वळावेत, कुंभाराने मडकी, न्हाव्याने हजामत, परटाने धुणे, गुरवाने देवळाची पूजा आणि पत्रावळी, मुलाण्याने बकरे कापणे, जोशाने पंचांग, कोळ्याने पाणी, आणि महाराने वेशीची राखण, सीमेची साक्ष, सरकारी टपाल व वसूल पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे अशी असंख्य कामे करावीत. सुगीत खळ्यावर मळणी चालू झाली की हे सारे जमत, आणि पेंढ्यांच्या किंवा पाचुंद्यांच्या, म्हणजे पाच पाच पेंढ्यांच्या जुडग्यांच्या, मापाने ज्याचे त्याला दिले जाई. हिस्सा सारखा नसे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी असत, कोणाचे काम शेतीला किती लागते त्यावरून ओळ ठरे, आणि ओळीवरून पेंढ्यांचे माप.

आता याद्या पाहाव्यात. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात जे बारा बलुतेदार दिले आहेत, त्यांत जोशी आणि भट हे दोन वेगळे धरले असून सोनार व कोळी यांना अलुत्यांत, म्हणजे दुय्यम सेवकांत, टाकले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा १९१५ चा ग्रंथ महसूल खात्यातील प्रत्यक्ष अनुभवातून उतरलेला, आणि त्यातील यादीत कोळ्याला बारांत जागा आहे. इतरत्र सोनार आत येतो आणि भट बाहेर जातो. अलुत्यांचा आकडा लोकांच्या तोंडी अठरा, तर ग्रँट डफ तोही बाराच देतो. कर्नाटकातही आयगार नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामसेवकांची संख्या बाराच सांगितली जाते, यादी मात्र तेथेही जागोजागी वेगळी. लहान गावांत तर बारा जण नसतच. एकाच लोहाराकडे आसपासच्या अनेक गावांचे काम असे. उलट मोठ्या गावात महारांची अनेक घरे आळीपाळीने काम करीत आणि हिस्सा आपसांत वाटून घेत.

या विसंगतीचा उलगडा जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदांवरून केला. बलुतेदार हा एखाद्या कुळाचा किंवा घराण्याचा नोकर नसून संपूर्ण गावाचा सेवक होता, आणि त्याचे पद हे वतन होते, म्हणजे वारशाने येणारी, भावाभावांत वाटता येणारी आणि प्रसंगी विकताही येणारी मालमत्ता होती, असे त्यांनी दाखवले. मोजायची ती पदे होती, माणसे नव्हेत. दुष्काळात एखादा वतनदार परागंदा झाला तर गाव उपऱ्या कारागिराकडून काम करून घेई, पण वतनदार परत आला की हक्क त्याचा. बारांत नाव असणे म्हणजे हा हक्क असणे, आणि म्हणूनच सुतार-लोहारांपासून जोशी-गुरवांपर्यंत सर्वांचे वतनाचे तंटे गोतसभेपुढे आणि पेशव्यांपर्यंत गेलेले दिसतात.

मात्र संख्येने सर्वांना एका ओळीत उभे केले म्हणून त्यांची स्थिती एक होत नाही, ही गोष्ट बारा बलुतेदारांचे गोडवे गाणाऱ्या लेखनात वारंवार दडपली जाते. जोशी आणि महार दोघेही बारांत होते. परंतु एकाला दक्षिणा घरात बसवून मिळे आणि दुसऱ्याला वेशीबाहेर राहून, रात्री-अपरात्री हाक आली की धावत, हक्काचे बलुतेही भाकरी मागितल्यासारखे गोळा करावे लागे. काम किती हे ठरलेले नव्हते, मोबदला मात्र ठरलेला होता आणि तोही देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच कारणाने : बलुत्याचे पैशांत रूपांतर व्हावे आणि ज्याला वतनी चाकरी नको असेल त्याला तिच्यातून मोकळे होता यावे. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला, आणि बलुते या ज्या शब्दात गावाच्या एकोप्याचे चित्र पाहण्याची सवय होती त्याच शब्दाला दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाचे शीर्षक केले.

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात गावोगावच्या हिशेबांचे आणि वतनांच्या तंट्यांचे मोडी कागद मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतील कितीतरी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, अजून कोणी बारकाईने वाचलेले नाहीत. आपल्या गावाचा इतिहास लिहिणारे अनेकजण ‘गावात बारा बलुतेदार गुण्यागोविंदाने नांदत होते’ या वाक्याने सुरुवात करतात. त्यांनी ते वाक्य लिहिण्यापूर्वी मोडी शिकावी किंवा मोडी जाणणाऱ्याला सोबत घ्यावे, आपल्या गावचे कागद काढावेत, आणि बलुते कोणाकोणाला, किती पेंढ्या आणि कोणत्या कामाबद्दल मिळत होते ते नावानिशी नोंदवावे. आकडा बाराचा भरला नाही तर न भरलेलाच छापावा.